प्रियसची बॅटरी (दुसरी पिढी, 2003–09) : आयुष्य आणि बदलण्याचा खर्च

टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड मोटारीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीने काम करणारा मुख्य बॅटरी-संच. पहिली प्रियस डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. दुसऱ्या पिढीच्या गाड्या आज वीस वर्षांच्या आसपास पोचल्या असून त्या विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बॅटरीचाच असतो.

मागच्या सीटच्या पाठीशी 28 मॉड्यूल एकापुढे एक जोडलेली असतात. प्रत्येकात 1.2 व्होल्टचे सहा निकेल-मेटल हायड्राइड सेल. एकूण दाब 201.6 व्होल्ट, साठवण सुमारे 1.3 किलोवॉट-तास. गाडीचा संगणक ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण उतरू देत नाही. साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या दरम्यानच खेळवतो. दीर्घायुष्याचे खरे कारण हेच. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने 2011 मध्ये पहिल्या पिढीची, दोन लाखांहून अधिक मैल धावलेली प्रियस तपासली, तेव्हा तिचे मायलेज नव्या गाडीइतकेच भरले.

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. थंड हवा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून ओढली जाते. त्या जाळीत आणि आतल्या पंख्यात धूळ, कापडाचे तंतू, पाळीव कुत्र्याचे केस साचले की संच तापतो आणि मधली मॉड्यूल आधी बसतात. पंखा साफ करण्याचे काम तासा-दोन तासांचे, पण वर्षानुवर्षे कोणी ते करत नाही, याची हळहळ वाटते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणेही वाईट, कारण सेल कमीजास्त उतरतात.

बिघाड झाल्यावर लाल त्रिकोण पेटतो आणि संगणकात बहुधा पी0ए80 हा कोड नोंदला जातो. त्याआधीही चार्जचे पट्टे झरझर खालीवर होतात, पंखा मोठ्याने घोंघावतो. तरी खर्चात पडण्यापूर्वी डिकीतली लहान 12 व्होल्टची बॅटरी तपासावी. ती उतरली की भलतेच इशारे येतात. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या कळकून हिरवट थर धरतात, त्यानेही दाबाचे मोजमाप चुकते.

अमेरिकेत कंपनीच्या विक्रेत्याकडून नवा संच मजुरीसह साधारण दोन ते चार हजार डॉलरना पडतो, दुरुस्त केलेला त्याच्या निम्म्याच्या आसपास. सुटे मॉड्यूल तर थोडक्या डॉलरांत मिळते, आणि इथेच माणूस फसतो. थकलेल्या बैलांच्या रांगेत एक ताज्या दमाचा जुंपून नांगर चालत नाही. एक बदलले की काही महिन्यांत दुसरे बसते. गाडी आणखी पाच-सात वर्षे ठेवायची असेल, तर नवा संचच अखेरीस स्वस्त पडतो. दुरुस्त संच घ्यायचाच झाला, तर प्रत्येक मॉड्यूल भार देऊन तपासले होते का, हे विचारावे आणि हमी लेखी घ्यावी. कंपनीची मूळ हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैल, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत दहा वर्षे किंवा दीड लाख मैल होती. या गाड्यांची ती केव्हाच संपली.

भारतात 2010 मध्ये तिसऱ्या पिढीची प्रियस पूर्ण आयात होऊन आली. तिची बॅटरीही 28 मॉड्यूलचीच. गाड्या थोड्या विकल्या गेल्याने सुटे भाग सहज मिळत नाहीत, आयात शुल्काचा भार वेगळाच.

संच उघडण्यापूर्वी नारिंगी सेफ्टी प्लग काढणे आणि विजेचे रबरी हातमोजे घालणे अनिवार्य आहे. 200 व्होल्टचा एकदिश प्रवाह जीवघेणा ठरतो.