पवनारची कांचनमुक्ती

१९५० च्या सुरुवातीला वर्धा जिल्ह्यातल्या पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबा भावे आणि त्यांच्यासोबतच्या काही तरुणांनी पैशावाचून जगून पाहण्याचा प्रयोग सुरू केला. त्याला कांचनमुक्ती हे नाव मिळाले. बाजारातून विकत आणायच्या वस्तू एकेक करून बंद करायच्या आणि त्यांच्या जागी स्वतः पिकवलेले किंवा स्वतः कातलेले वापरायचे, अशी त्याची रीत होती. विनोबांच्या देखरेखीखाली तो वर्षभरापेक्षा थोडा अधिक काळ चालला. घरखर्च हाताबाहेर गेला की आज पुष्कळ कुटुंबे महिना-दोन महिने अनावश्यक खरेदी थांबवतात. पवनारला मात्र आवश्यक वस्तूंच्या खरेदीलाही हात घातला गेला होता. मागे कर्ज नव्हते, पुढे शिल्लक टाकण्याचा हेतूही नव्हता.

या प्रयोगाच्या मागे जिल्ह्यातला तीस वर्षांचा सराव होता. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधींनी विनोबांना वर्ध्याला पाठवले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते आले आणि साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमाची शाखा त्यांनी सांभाळली. साबरमतीची अस्वाद, अपरिग्रह, शरीरश्रम ही व्रते इथेही होती आणि त्यांच्या जोडीला पैपैचा हिशेब होता. हिशेबाची ही शिस्त गांधींना विद्यार्थिदशेतच लागली होती. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करताना ते रोजचा बारीकसारीक खर्च टिपून ठेवत. आकडे समोर आल्यावर त्यांनी बिऱ्हाड लहान केले, बसने जाण्याऐवजी पायी फिरू लागले, स्वयंपाक स्वतः करू लागले आणि दिवसाला १ शिलिंग ३ पेन्सांत भागवू लागले. आधी टिपण आणि मग काटछाट हा क्रम वर्ध्याच्या पुढच्या सगळ्या प्रयोगांत दिसतो.

१९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला गेले. तिथला प्रयोग वेगळा होता. सूत कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यातच जेवायचे, हा तिथला नियम. खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाचे तेव्हाचे दर इतके तुटपुंजे होते की दिवसभर कातूनही पोटापुरते मिळेना. उपाशी राहणाऱ्याची अडचण त्याच्या आळसात नसून मजुरीच्या दरात आहे, ही गोष्ट आकडेमोडीने सिद्ध करायला एरवी एखादी समिती नेमावी लागली असती. नालवाडीत ती ताटावरच कळली. १९३५ मध्ये कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळावी हा प्रश्न गांधींनी लावून धरला. आठ तासांच्या कामाला आठ आणे असावेत असे त्यांचे म्हणणे होते. संघाला तेवढे झेपले नाही, पण दर वाढले आणि त्याबरोबर खादीही महागली.

त्याच सुमारास वर्ध्यातल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. त्याची स्थापना डिसेंबर १९३४ मधली. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस म्हणून तयार झाले होते आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकले होते. मगनवाडीत येण्याआधी, १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. स्वयंसेवकांच्या जेवणासाठी त्यांनी माणशी दिवसाला तीन आण्यांची मर्यादा घातली. गांधी आपल्या सोबत्यांसह पाटण्याला आले तेव्हा त्यांच्या दूध-फळांचा आणि मोटारीचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असे कुमारप्पांनी गांधींचे सचिव महादेव देसाई यांना सांगितले. गांधींनी कुमारप्पांचीच बाजू घेतली. खर्चबंदीचे नियम बहुतेक ठिकाणी मोडतात ते मोठ्या पाहुण्यासाठी केलेल्या पहिल्या अपवादाने. इथे तो अपवादच नाकारला गेला.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या शेगावला राहायला गेले. सहाशेएक वस्तीच्या या गावाचे मालगुजार जमनालालच होते. विदर्भात संत गजाननांचे शेगाव आधीपासून प्रसिद्ध, त्यामुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. झोपडीवर फार खर्च करायचा नाही, हे गांधींनी आधीच बजावले होते. माती, बांबू, लाकूड, कवेलू असे परिसरात मिळणारे सामान वापरले गेले. आदिनिवास आणि नंतरची बापूकुटी आजही त्याच रूपात जपलेली आहेत. मात्र याच कुटीशेजारी व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून सरकारने बसवलेला टेलिफोन होता, देशभरातून पाहुण्यांची रीघ होती आणि जमनालालांची तिजोरी पाठीशी होती. या साधेपणाचा खर्च दुसरे कोणीतरी उचलत होते, ही टीका त्या काळीही होत असे. ती पूर्णपणे खोडून काढता येत नाही.

पवनार वर्धा-नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी आहे. तिथल्या टेकाडावर जमनालालांचा बंगला होता. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा तिथे आले तेव्हा त्यांची प्रकृती पार खालावलेली होती. वजन ८८ पौंडांवर उतरले होते. डोक्यातली सगळी कामे बाजूला ठेवून ते रोज थोडा वेळ कुदळ चालवू लागले, हळूहळू वेळ वाढवत गेले आणि काही महिन्यांत वजन भरून आले. पुढे कांचनमुक्तीच्या प्रयोगात शेतीला जे स्थान मिळाले त्याचा उगम या खोदकामात आहे.

दुसऱ्या महायुद्धाने पैशाकडे पाहण्याची सर्वांचीच नजर बदलली. धान्य, कापड, रॉकेल यांची टंचाई झाली, रेशन आले, काळाबाजार आला. त्याच रुपयात पूर्वीइतके धान्य येईना. विनोबांचा आक्षेप नेमका इथे होता. शेरभर ज्वारीने माणसाचे पोट जेवढे काल भरले तेवढेच आज भरते, पण नाशिकच्या छापखान्यात छापलेल्या नोटेची किंमत रोज बदलते. मग श्रमाचे मोल अशा वस्तूत का मोजायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधींच्या हत्येनंतर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी धाम नदीत अस्थिविसर्जन झाले आणि दरवर्षी त्या तारखेला पवनारला मेळा भरू लागला. तिथे पैशाऐवजी वर्षाकाठी माणशी सुताची एक गुंडी, म्हणजे ६४० तार, अर्पण करण्याची सूतांजलीची प्रथा विनोबांनी घातली.

कांचनमुक्तीच्या प्रयोगात भाजीपाला लवकर सुटला. तो थोड्या जमिनीत येतो, दोन-तीन महिन्यांत हाती लागतो आणि वाफ्यात जे असेल तेच ताटात, एवढा नियम पाळला की झाले. वांगी संपली आणि पालक निघायला अवकाश असेल तर मधले दिवस भाजीवाचून काढायचे. कापड त्याहून सोपे होते, कारण कातण्या-विणण्याचा सराव जुना होता. धान्य सर्वांत अवघड. त्याला जमीन अधिक लागते, पीक वर्षातून एकदा येते आणि पावसाने दगा दिला तर वर्ष वाया जाते.

पाण्याशिवाय यातले काहीच शक्य नव्हते, म्हणून विहीर खणणे हे मोठे काम झाले. शेतीही बैलांवाचून करायची होती. कुदळ-फावड्याने केलेल्या या शेतीला ऋषिशेती म्हणत. एरवी बैल ओढतात तो रहाट माणसांनीच फिरवायचा होता. त्यासाठी त्याला आडव्या दांड्या बसवल्या होत्या. एकेका दांडीला छाती लावून माणसे गोल फिरत आणि गीताईचे श्लोक म्हणत. गीताई ही विनोबांनी १९३० ते १९३१ या काळात केलेली गीतेची मराठी समश्लोकी. पाय, दांडी आणि श्लोक एका लयीत पडले की दम कमी लागतो, हे मोट हाकणाऱ्या आणि जात्यावर बसणाऱ्या लोकांना सांगावे लागत नाही. पाणी वाफ्यांत जाई आणि म्हणणाऱ्याचा अध्यायही पुरा होई.

बाहेरून मदत घ्यायची ती श्रमाच्या किंवा सुताच्या रूपात, रोख रकमेत नाही, असे धोरण होते. तरी हा व्यवहार पूर्ण बंदिस्त होऊ शकत नव्हता. मीठ आणि लोखंड वाफ्यात उगवत नाहीत. जमीन मुळात दान मिळालेली होती. शिवाय प्रयोग करणारे तरुण धडधाकट होते, त्यांच्यामागे म्हातारी माणसे, लहान मुले किंवा सावकाराचे हप्ते नव्हते. स्वतःची जमीन नसलेल्या शेतमजुराला हा प्रयोग जसाच्या तसा करता आला नसता. पैशाचा खर्च थांबला की त्याची जागा वेळ आणि अंगमेहनत घेतात. दोन्ही मोकळी नसतील तर बंदी चार दिवसांत कोलमडते. पवनारला ती टिकली, कारण दिवसाचा मोठा भाग तिच्यासाठीच मोकळा केला होता. एरवी वाचन-लेखनात जाणारे तास रहाटावर गेले.

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरले. विनोबांनी आगगाडीऐवजी पायी जायचे ठरवले आणि ८ मार्चला पवनार सोडले. संमेलनानंतर तेलंगणातून फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि वेदिरे रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. इथून भूदान चळवळ सुरू झाली. विनोबा जूनमध्ये पवनारला परतले, पण सप्टेंबरमध्ये दिल्लीकडे निघाले आणि पुढची तेरा वर्षे बहुतांशी चालतच राहिले. आश्रमातला प्रयोग त्यांच्यावाचून पहिल्यासारखा राहिला नाही.

त्यातला विचार मात्र भूदान चळवळीत उतरला. भूदानाच्या कार्यकर्त्यांचे मानधन आणि समित्यांचा खर्च बऱ्याच अंशी गांधी स्मारक निधीतून चाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये तामिळनाडूतल्या पळणी इथे सर्वोदय कार्यकर्त्यांच्या सर्व सेवा संघाने हा निधी घेणे थांबवण्याचा आणि ठिकठिकाणच्या भूदान समित्या विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. त्यांना अनुक्रमे निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती म्हटले गेले. पवनारला खरेदी एकेक वस्तूने बंद झाली होती आणि प्रत्येक वस्तूला पर्याय आधी उभा केला होता. इथे पैसा एकदम थांबला. पर्याय म्हणून सूतांजली, संपत्तिदान आणि घरोघरी रोज मूठभर धान्य टाकायचे सर्वोदय पात्र पुढे आले, पण त्यांतून मिळणारे उत्पन्न पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे संसार चालवण्याइतके नियमित नव्हते. ज्यांना गावाने सांभाळले ते टिकले. अनेकांना दुसरे काम धरावे लागले.