तारकागुच्छांतील कृष्णविवराचा शोध



मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास गावाबाहेरच्या अंधाऱ्या माळावर उभे राहून दक्षिणेकडे पाहा. क्षितिजापासून वीस-पंचवीस अंश वर, नरतुरंगात, एक धूसर ठिपका दिसेल. टॉलेमीने त्याला ताऱ्यांच्या यादीत घातले. १६०३ साली बायरने त्याला ओमेगा हे अक्षर दिले. तो साधा तारा नव्हे हे १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून पाहताना एडमंड हॅलेच्या ध्यानात आले. तो सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, आपल्यापासून जवळजवळ १८,००० प्रकाशवर्षे दूर.

अशा गुच्छांच्या पोटात कृष्णविवर आहे काय, हा वाद पन्नास वर्षे चालू आहे. मेलेल्या ताऱ्यांपासून झालेली लहान कृष्णविवरे ठाऊक आहेत, आणि आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचे एक आहे, हेही ठाऊक आहे. मधली पायरी मात्र जवळजवळ रिकामी. थोरली धाकट्यांतूनच वाढली असतील, तर शे-पाचशेपासून लाखभर सूर्यांपर्यंतची मधली कोठे गेली?

१९७५ च्या सुमारास काही गुच्छांतून क्ष-किरण येताना दिसले, तेव्हा बाकॉल आणि ऑस्ट्रायकर यांनी हे कृष्णविवर असावे असे मांडले. पुढे त्या क्ष-किरणांचे स्फोट सापडले. असा स्फोट व्हायला इंधन साचण्यासाठी पृष्ठभाग लागतो. तो न्यूट्रॉन ताऱ्याला असतो, कृष्णविवराला नसतो. दावा निकालात निघाला. १९७६ साली एम-१५ या गुच्छाच्या मध्यातील प्रकाशावरून ८०० सूर्यांचे कृष्णविवर सुचवले गेले. वर्षभरातच इलिंगवर्थ आणि किंग यांनी दाखवले की न्यूट्रॉन ताऱ्यांच्या ढिगानेही तेच भागते.

खरी अडचण येथेच आहे. गुच्छात तारे एकमेकांना ढकलत असतात आणि जड ते मध्याकडे बसतात. तेव्हा मध्यभागी न दिसणारे वजन सापडले, तरी ते एकाच राक्षसाचे की हजार प्रेतांचे, हे ताऱ्यांच्या सरासरी वेगावरून कळत नाही. सरासरीशी माझे जुने भांडण आहे. सरासरी पगार दाखवून बदली कामगाराची उपासमार झाकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

२००२ साली हबल दुर्बिणीच्या आधारे एम-१५ मध्ये पुन्हा कृष्णविवर जाहीर झाले. मग उघडकीस आले की ज्या जुन्या निबंधाशी तुलना केली, त्यातील आलेखाच्या अक्षावरील आकडेच चुकीचे छापले होते. ते सुधारताच मृत ताऱ्यांचे वजन पुरेसे ठरले, आणि संशोधकांनी स्वतःच पुरवणी निबंध लिहून तसे कळवले. महागाई भत्त्याचा चुकीचा आकडा एकदा मी पत्रकात छापला होता. दुसऱ्या दिवशीच्या गेट मीटिंगमध्ये तो मागे घेताना घशाला कोरड पडली होती. म्हणून या मंडळींचे मोल मला कळते.

ओमेगा गुच्छाचेही तसेच. २००८ साली नोयोला आणि सहकाऱ्यांनी ४०,००० सूर्यांचा आकडा सांगितला. २०१० साली अँडरसन आणि व्हान डर मारेल यांनी आक्षेप घेतला, की गुच्छाचा मध्यच मुळी दुसरीकडे आहे. आणि कृष्णविवर असलेच तर १२,००० च्या वर नाही.

२०२४ साली हेबर्ले आणि सहकारी यांनी सरासरी सोडून एकेका ताऱ्याची हजेरी घेतली. हबलची वीस वर्षांतील पाचशेहून अधिक छायाचित्रे त्यांनी चाळली. त्यांतली बहुतेक केवळ उपकरणे जुळवून घेण्यासाठी काढलेली! चौदा लाख ताऱ्यांची हालचाल मोजल्यावर मध्याजवळच्या पाव प्रकाशवर्षाच्या परिसरात सात तारे असे निघाले, की सेकंदाला ६२ किलोमीटर या सुटकेच्या वेगाहूनही ते जलद धावत होते. असे तारे गुच्छ सोडून जायला हवेत. सातही तेथेच आहेत, त्या अर्थी त्यांना कोणीतरी धरून ठेवले आहे. त्या धरणाऱ्याचे वजन किमान ८,२०० सूर्यांचे.

पुढे दुसऱ्या एका गटाने गुच्छातील स्पंदक ताऱ्यांचे ठोके हिशोबात घेऊन ६,००० ही वरची मर्यादा काढली. दोन आकडे एकमेकांत बसत नाहीत. निकाल लागायचा तर त्या सातांच्या वाटा किती वाकतात हे मोजले पाहिजे. २०२४ च्या निबंधात ते वळण पुरेसे स्पष्ट दिसले नव्हते.