बाण व बाणाग्र

बाण व बाणाग्र : धनुष्यातून किंवा क्रॉसबोतून सोडायचे अस्त्र म्हणजे बाण, आणि त्याच्या पुढच्या टोकाला बसवलेले टोचणारे, कापणारे किंवा बोथट फळ म्हणजे बाणाग्र. बाणाचे मुख्य भाग चार : दांडा, बाणाग्र, मागचा पिसारा आणि दोरीला टेकणारी खाच. शिकारीचा बाण निवडताना या चारही भागांचा धनुष्याच्या ताकदीशी मेळ घालावा लागतो. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील गारगोटीच्या सूक्ष्मास्त्रांपासून भिल्लांच्या तीरकामठ्यापर्यंत या विषयाचे धागे सापडतात. क्रॉसबोची जुनी परंपरा मात्र महाराष्ट्रात नाही. भारतात ती ईशान्येकडील काही जमातींत आणि निकोबार बेटांवर आढळते.

क्रॉसबोचा बाण : क्रॉसबोत धनुष्य एका लाकडी किंवा धातूच्या दस्त्यावर आडवे बसवलेले असते. ओढलेली दोरी कळीत अडकून राहते व चाप दाबल्यावर सुटते. दोरीचा प्रवास हातधनुष्याच्या मानाने तोकडा असल्याने तेवढीच ऊर्जा मिळवण्यासाठी धनुष्य बरेच कडक ठेवावे लागते. आजच्या शिकारी क्रॉसबोची ओढ साधारण १५० ते २०० पौंड असते. एवढा जोर थोड्या अंतरात सोसायचा असल्यामुळे त्याचा बाण आखूड व ताठ असतो. त्याची लांबी बहुधा १६ ते २२ इंच (सु. ४० ते ५६ सेंमी.) भरते.

वजन : बाण व बाणाग्र यांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सु. ०.०६५ ग्रॅम. शिकारी बाणाग्रे बहुतेक १०० किंवा १२५ ग्रेनची (सु. ६.५ किंवा ८.१ ग्रॅम) असतात. हलका बाण वेगाने व सपाट मार्गाने जातो, पण लक्ष्यात शिरताना लवकर थांबतो. जड बाण अधिक झुकतो, तरी त्याचा संवेग टिकतो आणि तो खोल शिरतो. क्रॉसबोच्या उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनाहून हलका बाण कधीच वापरत नाहीत. बाणाने न घेतलेली ऊर्जा धनुष्याच्या भुजांत व दोरीतच राहते, त्यामुळे भुजा तडकण्याचा धोका असतो. बाण न लावता चाप ओढण्याची मनाई याच कारणाने असते.

समतोल : बाणाचा तोल मध्याच्या किंचित पुढे असला, तर पिसारा त्याला सरळ ठेवू शकतो. तोलाचा बिंदू मध्यापासून किती पुढे आहे, ते अंतर एकूण लांबीने भागून टक्केवारीत सांगतात. ५० सेंमी. लांबीचा बाण मागून ३१ सेंमी.वर तोलला जात असेल, तर हे प्रमाण १२ टक्के येते. १० ते १५ टक्के ही प्रचलित मर्यादा आहे. जड बाणाग्र लावल्यास तोल पुढे सरकतो. मात्र पुढचे वजन वाढले की सुटताना दांड्यावरचा वाकवणारा ताणही वाढतो, म्हणून त्याबरोबर अधिक ताठ दांडा घ्यावा लागतो. ताठरपणा मोजण्याच्या रूढ पद्धतीत २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडा ठेवतात, मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि तो किती वाकतो ते पाहतात.

दांडा व खाच : पूर्वी दांडे लाकूड, बांबू व बोरू यांचे असत. विसाव्या शतकात ॲल्युमिनियमचे आणि पुढे कार्बन तंतूंचे दांडे आले. ॲल्युमिनियम सरळ व स्वस्त असले, तरी एकदा वाकले की निकामी होते. कार्बनचा दांडा वाकून पूर्ववत होतो, पण त्याला बारीक चीर गेली असेल, तर तो सुटताना फुटून इजा करू शकतो. त्यामुळे प्रत्येक वेळी तो तपासून घेतात. क्रॉसबोच्या बाणाची खाच सपाट, अर्धचंद्राकार किंवा दोरीला पकडणारी असते. यंत्रासाठी ठरवलेली खाच न वापरल्यास दोरी बाणाच्या वर किंवा खाली निसटते.

बाणाग्रांचे प्रकार : (१) सरावाचे गोल, निमुळते टोक. (२) स्थिर पात्यांचे रुंद फळ. यात हलणारा भाग नसल्याने ते मजबूत असते. मात्र त्याची पाती हवेत पंखांसारखी वागतात आणि वेगवान क्रॉसबोतून सुटलेला बाण त्यांमुळे भरकटू शकतो. (३) उघडणारे फळ. याची पाती उडताना मिटलेली असतात व लागताच फाकतात. ते सरावाच्या टोकासारखे सरळ उडते, पण पाती उघडण्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते. (४) लहान पक्ष्यांसाठी बोथट टोक. (५) माशांसाठी काटेरी टोक, ज्याला बहुधा दोरा बांधतात. रुंद फळाने होणारा मृत्यू मुख्यतः रक्तस्रावाने होतो. त्यामुळे पात्यांच्या धारेला त्यांच्या रुंदीपेक्षा अधिक महत्त्व आहे. बोथट धारेच्या फळाने जनावर जखमी होऊन निसटते, आणि धनुष्यशिकारीवरील नैतिक आक्षेपांचा भर यावरच आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वन्यप्राणी मारण्यासाठी धनुष्य व क्रॉसबो वापरण्यास बंदी आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत परवाना घेऊन अशी शिकार करता येते, पण फळाच्या किमान रुंदीचे नियम पाळावे लागतात.

प्राचीन परंपरा : कामानुसार फळ बदलण्याची कल्पना भारतात जुनी आहे. संस्कृत धनुर्वेदग्रंथांत आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड अशी फळांची नावे येतात. प्रवरा खोऱ्यातील पुरावा याहून पुष्कळ जुना आहे. नेवासे येथे ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केले. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथील उत्खनन १९५०-५१ चे, तर श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथील उत्खनने १९५८ ते १९७९ या काळात टप्प्याटप्प्याने झाली. या खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत गारगोटीच्या जातीच्या दगडाची लांब पाती आणि चंद्रकोरी, त्रिकोणी व समलंबाकार सूक्ष्मास्त्रे मिळतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात हा कच्चा माल विपुल आहे. अशी सूक्ष्मास्त्रे डिंकासारख्या चिकट पदार्थाने लाकडी किंवा हाडाच्या दांड्यात बसवून बाणाचे टोक व काटे तयार करता येतात. एखादा तुकडा मोडला, तर तेवढाच बदलता येतो. घोड नदीकाठच्या इनामगाव (जि. पुणे) येथे पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर हरणांची हाडेही मिळाल्याने शेतीबरोबर शिकार चालू असल्याचे दिसते.

भिल्लांचा तीरकामठा : पश्चिम भारतातील भिल्लांच्या धनुष्याचा दांडा बांबूचा असतो, आणि दोरीही बहुधा बांबूच्या चिवट पट्टीची असते. बाणाचा दांडा बोरूचा किंवा बारीक बांबूचा व फळ लोखंडी असते. मोठ्या जनावरासाठी चपटे धारदार फळ, पक्ष्यांसाठी बोथट लाकडी टोक आणि माशांसाठी लांब लोखंडी अणी असे भेद केले जात. क्रॉसबोच्या बाणाग्रांची आजची वर्गवारीही याच तत्त्वावर उभी आहे. जिल्ह्यात शिकारीची सर्वच साधने बाणाची नव्हती. फासेपारधी मुख्यतः फाशांनी तितर, ससे व हरणे धरीत.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ९ अन्वये अनुसूचीतील वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि मारण्याचा किंवा पकडण्याचा प्रयत्नही शिकारीतच मोडतो. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. पिकांचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत अधिकृत अधिकारी कलम ११ खाली परवानगी देऊ शकतो, परंतु शेतकऱ्याला आपणहून शस्त्र चालवण्याची मुभा यातून मिळत नाही. अभयारण्यात किंवा अनुसूची १ मधील प्राण्याची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कारावास व दंड होतो. जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य (स्थापना १९८०, सु. २.१७ चौ. किमी.) आणि अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य (१९८६) आहे. १९७९ मध्ये घोषित झालेले माळढोक अभयारण्य सोलापूरबरोबर या जिल्ह्यातही पसरले होते.

क्रीडाप्रकार : स्पर्धेत कापणाऱ्या फळांना स्थान नाही. बाणाला गोल निमुळते टोक असते, आणि जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमानुसार दांड्याचा व्यास ९.३ मिमी.पेक्षा अधिक नसावा लागतो. बाहेरच्या मैदानात रिकर्व्ह प्रकाराचे अंतर ७० मीटर, कंपाउंडचे ५० मीटर असते. भारतातील ‘इंडियन राउंड’ प्रकारात बांबूचे साधे धनुष्य वापरतात. क्रॉसबोच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतंत्र आहे. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपदे मिळवली. वजन, ताठरपणा व समतोल यांचे वर दिलेले नियम क्रीडेतील बाणालाही लागू पडतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि एकूण भारतात, क्रॉसबो घेऊन हौसेखातर वन्यप्राण्याची शिकार करण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही.