जीप : मुंबईत घडलेले जुने व विस्मृत नमुने

पुढील व मागील अशा दोन्ही आसांना एंजिनाची शक्ती पोहोचविण्याची सोय असलेली, उघड्या अंगाची व दुर्गम वाटांस योग्य अशी हलकी मोटारगाडी. प्रस्तुत नोंदीत मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने प्रथम जुळविलेल्या व पुढे स्वतः घडविलेल्या, आज रस्त्यावर क्वचितच आढळणाऱ्या नमुन्यांचा मुख्यत्वे विचार केला असून अन्य कारखान्यांच्या गाड्यांचा उल्लेख तुलनेपुरताच आहे.

इतिहास : १९४० मध्ये अमेरिकन सैन्याच्या मागणीवरून पेनसिल्व्हेनियातील बँटम कंपनीने पहिला नमुना सिद्ध केला, तथापि दुसऱ्या महायुद्धात लागलेल्या सहा लाखांवर गाड्या विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या दोन कारखान्यांनी पुरविल्या. कैलाशचंद्र महिंद्र हे युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या खरेदीच्या कामगिरीवर अमेरिकेत असताना विलिसचे प्रमुख अभियंता डेल्मर रूस यांच्याशी त्यांचा परिचय झाला, आणि त्या परिचयातून ही गाडी हिंदुस्थानात आणण्याची कल्पना उद्भवली. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी काढलेल्या पेढीतून गुलाम मुहम्मद फाळणीनंतर बाहेर पडले व पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये पेढीने आजचे नाव धारण केले. सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या ७५ जीपगाड्यांची पहिली तुकडी माझगाव येथे जुळविण्यात आली. या घटनेचे वर्ष कोठे १९४७, तर कोठे १९४९ असे दिलेले आढळते. प्रत्यक्ष उत्पादनास १९५४ मध्ये आरंभ झाला.

काश्मीर-युद्धाच्या वेळी लंडनमार्गे झालेल्या जीपखरेदीचे १९४८ चे प्रकरण राजकीय इतिहासाचा भाग असल्याने येथे विचारात घेतलेले नाही.

सीजे-३बी : अमेरिकेत १९५३ मध्ये निघालेल्या या नमुन्याचे उंच बॉनेट कोणत्याही शोभेसाठी आलेले नाही. युद्धकालीन गाडीच्या एंजिनात आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या अशा दोन्ही झडपा एका बाजूस ब्लॉकमध्ये होत्या. ‘हरिकेन’ या नव्या एंजिनात सिलिंडरांचे एकूण आकारमान सुमारे २.२ लिटर एवढेच ठेवून आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये नेल्या, त्यामुळे शक्ती ६० अश्वशक्तीवरून सत्तरांच्या पलीकडे गेली. पण एंजिनाची उंची वाढली, आणि त्यासाठी बॉनेट उचलावे लागले. मुंबईच्या जीपची जी मुद्रा महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली ती हीच होय. तीन गतींची गिअरपेटी, तिच्या मागे ट्रान्स्फर केस व त्यावर दोन काड्या, एक पुढील आस जोडण्याची व दुसरी गती सुमारे अडीचपट उतरवून ओढ तेवढीच वाढविण्याची, ही या गाडीची खरी संपत्ती होय. ट्रान्स्फर केसच्या मागील तोंडातून शक्ती बाहेर घेऊन पंप किंवा करवत चालविण्याचीही सोय होती. दोन्ही आस पाट्यांवर टेकलेले व दणकट असल्याने खडकाळ वाटेवर बिघाड झालाच, तर तो साध्या हत्यारांनी दुरुस्त होई; बैठकीचे सुख मात्र जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेत या नमुन्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, मुंबईत मात्र त्याचा वंश पुढे अनेक वर्षे चालला.

एफसी-१५० व एफसी-१६० : विस्मृतीचा सर्वाधिक अन्याय या गाड्यांवर झाला आहे. चालकाची बैठक एंजिनाच्या पाठीमागे न ठेवता त्याच्या वर आणल्यास तेवढ्याच लांबीच्या सांगाड्यावर बराच मोठा हौदा बसतो, या तत्त्वावर विलिसने १९५६ च्या अखेरीस काढलेला हा चपट्या तोंडाचा नमुना अमेरिकेत दशकभरही टिकला नाही. महिंद्रने मात्र १९६५ च्या सुमारास तो हाती घेऊन पुढे आसांमधील अंतर वाढविलेला एफसी-१६० काढला, आणि मालवाहू गाडी, रुग्णवाहिका व मिनीबस अशा अनेक रूपांत तो चालविला. एंजिनाची पेटी चालक व शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध आल्यामुळे केबिनमध्ये उष्णता फार होई, आणि बहुतांश भार पुढील आसावर पडत असल्याने रिकाम्या गाडीचे मागचे अंग उतारावर हलके पडे. हे दोष मान्य करूनही, उघड्या जीपने अधिकाऱ्याची फिरती साधली तर एफसीने रोगी व माल यांची ने-आण साधली, हा भेद प्रस्तुत लेखकास महत्त्वाचा वाटतो.

डिझेल नमुने : १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवरील जीप पोसणे सरकारी खात्यांनाही जड जाऊ लागले. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने आलेले एक्सडीपी ४.९० हे एंजिन (चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मि.मी., आकारमान २,११२ घ.सें.मी.) इगतपुरी येथे तयार होऊ लागले. सीजे-३४० डीपी सारख्या नावांतील ‘डीपी’ ही अक्षरे डिझेल व प्यूजो यांची निदर्शक मानली जातात.

जोंगा : ‘निस्सान पॅट्रोल’ या गाडीवरून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात सैन्यासाठी तयार झालेली गाडी.

ट्रॅक्स : आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची, पुढे प्रवासी वाहतुकीत फार पसरली.

भिवंडी व ठाणे जिल्हा : या गाड्यांचा प्रत्यक्ष उपयोग कसा झाला, याचे हे एक उदाहरण. इगतपुरीचा घाटमाथा व मुंबईचे कारखाने यांना सांधणारा आग्रा रस्ता कसारा घाट उतरून शहापूर, पडघा व भिवंडी असा येतो. रस्ता सोडताच मात्र भातखाचरांचा मुलूख लागतो. पावसाळ्याचे चार महिने अंबाडी-वज्रेश्वरीकडील, किंवा त्याही पलीकडे जव्हार-मोखाड्याकडील आडवाटांवर दोन चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारीचा निभाव लागत नसे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेली समूह विकास योजना, १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या पंचायत समित्या, आणि युनिसेफच्या मदतीने प्राथमिक आरोग्य केंद्रांस मिळालेली वाहने यांमुळे जीप मामलेदार व गटविकास अधिकारी यांच्या दिमतीस आली, आणि लस, औषधे व सरकारी हुकूम या तिन्ही गोष्टी खेड्यांत तिच्याच चाकांवरून पोहोचल्या. यंत्रमागांचे शहर म्हणून भिवंडीविषयी विपुल लिहिले गेले आहे. तालुक्याच्या अंतर्भागातील या वाहतुकीविषयी जवळजवळ काहीच नाही.

सद्यःस्थिती : ‘जीप’ हे नाव विलिसकडून १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स व १९८७ मध्ये क्रायस्लर यांच्याकडे गेले. महिंद्रची थार ही गाडी २०१० मध्ये निघाली. जीप या नावाची गाडी पुण्याजवळील रांजणगाव येथे २०१७ पासून तयार होऊ लागली. बाह्य रूपाच्या हक्कावरून महिंद्र व ‘जीप’ या नावाचे मालक यांच्यात अमेरिकेत वाद झाला. जुन्या गाड्यांपैकी उरलेल्यांत हौशी संग्राहकांनी जतन केलेल्या सीजे-३बी अधिक व एफसी अगदी थोड्या आहेत, कारण निर्लेखन झालेली मालवाहू गाडी कोणी शोभेसाठी विकत घेत नाही. सरकारी गाड्यांची खरी हकीकत लॉगबुकांत व निर्लेखनाच्या संचिकांत असते, आणि अशी कागदपत्रे मुदत संपताच रद्दीत जातात. पंचायत समित्या, आरोग्य केंद्रे व वनखाते यांच्या दप्तरखान्यांत ती अद्याप शिल्लक असतील, तर संबंधितांनी ती नष्ट करण्यापूर्वी जिल्ह्याच्या अभिलेखागाराकडे सोपवावीत.