छावणीतले वाद्य, शहरातले कान

पडेगावहून शहराकडे येताना वाटेत छावणी लागते. निजामाच्या काळी खाम नदीच्या एका काठाला शहर, तर दुसऱ्या काठाला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज होती. तिचा खर्च मात्र निजामाच्या माथी असे. तो थकला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. परक्यांच्या बँडचे मोल अखेर कोण चुकवतो, हा प्रश्न या वाटेवर आम्हांला नेहमी पडतो आणि दूरच्या बर्लिनची आठवण होते.

१९४५ साली चार विजेत्या राष्ट्रांनी ते शहर वाटून घेतले. तेथील फौजांच्या खर्चाचा भारही जर्मनांवरच पडला. ब्रिटिश फौज तेथे 'टॅटू' भरवी. बँड, कवायत व पाइपवादन यांचा हा सोहळा ऑलिम्पिक मैदानावर आणि पुढे डॉइचलांडहालेत होई. 'टॅटू' हा शब्द मूळचा डच. पिंपांच्या तोट्या बंद करा, सैनिकांनो मुक्कामी परता, अशी ती संध्याकाळी ढोलावर दिली जाणारी सूचना.

जून १९४८ मध्ये सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते व लोहमार्ग अडवले. सुमारे वीस लाख लोकांचे अन्न विमानांनी आणावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत सेनेच्या अलेक्झांड्रोव्ह गायकवृंदाने शहराच्या पूर्व भागातील जेंडारमेनमार्क्ट चौकात, भग्न इमारतींपुढे गाणी म्हटली. त्यांत एक जर्मन लोकगीतही होते. एका हाताने अन्न अडवायचे आणि दुसऱ्याने गाणे वाढायचे! तरीही श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. आम्ही त्यांना दोष देणार नाही. पडक्या घरात राहणारा माणूस सूर आधी ऐकतो, वाजवणारा कोण हे मागाहून विचारतो.

१९९४ साली फौजा परतल्या. ८ सप्टेंबरच्या रात्री ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी जर्मन सैन्याने मशालींच्या उजेडात पाश्चात्त्य फौजांना निरोप दिला, तोही आपल्या परंपरेतील अशाच सोहळ्याने. त्या विधीत एक प्रार्थना वाजते. तिची चाल रशियन दरबारातील संगीतकार बोर्तन्यान्स्की यांची आहे.

आपल्याकडे दिल्लीच्या 'बीटिंग रिट्रीट'मध्ये 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती गीत अनेक वर्षे वाजत असे. २०२२ साली ते वगळण्यात आले. ते इंग्रजांबरोबर आले हे खरे; पण महात्मा गांधींनाही ते प्रिय होते आणि आपल्या कित्येक कुटुंबांनी मृत्यूच्या घरी त्याचा आधार घेतला आहे. फौजेच्या खर्चाचा हिशेब इतिहासाने चोख ठेवावा. चाल मात्र, ज्यांनी ती दुःखात गायिली, त्यांची झाली असे आम्ही मानतो.