लोणार : खाऱ्या पाण्याचे पाहुणे

लोणारला कधी जावे? हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. पुण्याकडची भाचेमंडळी विचारतात, परदेशातून महिनाभरासाठी आलेले विद्यार्थी विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे : "कशासाठी जाणार ते आधी सांगा." कारण या गावाची गंमत अशी की इथे येणारा प्रत्येक पाहुणा वेगळ्या ऋतूत आणि वेगळ्या कामासाठी येत आला आहे. कोणी पुण्य न्यायला, कोणी खार न्यायला, कोणी दगड न्यायला. आज या पाहुण्यांचाच थोडा इतिहास सांगावा असे मनात आहे.

ज्यांनी लोणार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या दक्षिणेला हे तालुक्याचे गाव. गावाला लागूनच जमिनीत एक गोल खड्डा आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली १३५ मीटरच्या वर. तळाशी खारे, सोड्याचे पाणी. काठावर उभे राहिले की हिरव्यागार झाडीच्या वाटीत कोणी हिरवट दूध ओतून ठेवले आहे असे वाटते. हा खड्डा उल्कापाताने झाला. त्याचे वय अनेक पुस्तकांत सुमारे ५२ हजार वर्षे छापलेले आढळते, पण नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास नेऊन ठेवले. आपल्यासारख्यांना दोन्ही आकडे सारखेच अवाढव्य!

पहिले पाहुणे अर्थातच यात्रेकरू. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहून लोकांना छळत होता आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले, अशी कथा आहे. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्या कथेचेच. बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या, आत मान मोडेपर्यंत बघत राहावे असे छत. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्याचे किरण आत मूर्तीपर्यंत पोचतात, त्याला किरणोत्सव म्हणतात. ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना लोक तो पाहायला येतात.

दुसरे ठिकाण म्हणजे धार. सरोवराच्या ईशान्येच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारा महिने पडते. खाली सगळे खारट आणि वर हे अमृत. अधिक महिन्यात, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत धोंड्याच्या महिन्यात, धारेवर उभे राहायला जागा मिळत नाही. हा महिना पुरुषोत्तमाचा, आणि इथला देव विष्णू. तेव्हा दर तीन वर्षांनी लोणारला पर्वणी ठरलेली. माझी आई आणि मोठी मावशी धोंड्याच्या महिन्यात एकदा तरी धारेवर जाऊन यायच्याच. पहाटेची गाडी, फडक्यात बांधलेल्या दशम्या, स्नान, दैत्यसूदनाचे दर्शन, आणि संध्याकाळी घरी परत. सरोवराकडे त्या दोघींनी मान वळवून पाहिले असेल की नाही, शंकाच आहे. त्यांच्या लेखी लोणार म्हणजे धार.

नवरात्रातली गर्दी वेगळी. ती खाली उतरते. सरोवराच्या काठाशी, झाडीत कमळजादेवीचे देऊळ आहे, तिची यात्रा नवरात्रात भरते. जवळच सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, म्हणून हे नाव! कोणती बाजू सासूची यावर आमच्या वर्गात दर सहलीला वाद व्हायचा.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला लोणारचा आणखी एक पाहुणा विसरता येत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी इथे आले होते. 'लीळाचरित्रा'त लोणार येते, आणि 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. म्हणजे आपल्या भाषेने गद्य बोलायला सुरुवात केली तेव्हाच हे गाव तिच्या कानावर होते. महानुभाव पंथाचे लोक आजही स्थानवंदनाला येतात.

पुण्याइतकाच इथला खारही जुना. लोणार हे नावच मुळी लवणावरून आलेले. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी 'आईन-इ-अकबरी' लिहिली. तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या जागेची नोंद आहे : काच आणि साबण करायला लागणारे सगळे इथे मिळते, आणि सरकारला त्यापासून चांगला महसूल येतो. देवळाबद्दल नाही, दृश्याबद्दल नाही, थेट वसुलीबद्दल! खाराचा हंगाम उन्हाळ्यातला. ऊन वाढले की पाणी आटून मागे सरे आणि काठावर क्षाराचा थर राही. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांना नावे होती. किरणोत्सवाला येणारा भाविक आणि खार न्यायला येणारा व्यापारी एकाच रणरणत्या मे महिन्यात गावात शिरत असतील, आणि एकाच वडाखाली टेकत असतील. एकाच्या गाठोड्यात नारळ, दुसऱ्याच्या बैलावर रिकामी पोती.

मग आले साहेब. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये सरोवर पाहून त्याची माहिती लिहिली. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होते. पुढे दीडशे वर्षे एकच वाद चालला : हा ज्वालामुखीचा खड्डा की उल्केचा? आजूबाजूला सगळा लाव्हाचा काळा दगड, त्यामुळे ज्वालामुखीचा संशय स्वाभाविक होता. तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली, आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो शोध प्रसिद्ध झाला. बसाल्टमधले इतके चांगले टिकलेले उल्काविवर जगात फार थोडे. चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचेच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारचे अप्रूप. लवणासुराच्या गावात चंद्राचे अभ्यासक येऊ लागले! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये याला राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवले.

त्याच सुमारास आमच्यासारख्या शाळांच्या सहली सुरू झाल्या. त्या हिवाळ्यात. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी, साठ पोरे, तीन शिक्षक. विज्ञानाचे सर खिशात लिटमस कागद घेऊन येत. तांबडा कागद पाण्यात बुडवला की झरकन निळा. पुस्तकातले 'आम्लारी' त्या एका क्षणात पोरांना कळे, वर्षभर फळ्यावर खडू झिजवून जे होत नसे ते. मी त्यांना देवळाच्या भिंतीपाशी नेई आणि निरीक्षण वहीत लिहायला लावी. परतताना मोरांच्या केका ऐकू येत आणि बसमध्ये भेंड्या सुरू होत. आजही हिवाळा हाच हिंडणाऱ्यांचा ऋतू आहे. काठाकाठाने चालावे, पक्षी पाहावेत, आडव्या मारुतीपाशी गाइड होकायंत्र काढून सुई हलवून दाखवतो ते पाहावे, पर्यटन महामंडळाच्या निवासात चहा घ्यावा.

आणि सगळ्यात मोठा तमाशा झाला तो पाहुणे नसताना! जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. साऱ्या जगाने फोटो पाहिले, प्रत्यक्ष पाहायला मात्र कोणाला जाता येत नव्हते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नमुने तपासायला सांगितले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले : पाणी आटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली. पाऊस आला, पाणी पातळ झाले, रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे.

इथवर इतिहास झाला. आता मनात सलते ते.

हे सरोवर इतकी वर्षे टिकले कशामुळे? मला वाटते, खारेपणामुळे. या पाण्याने तहान भागत नाही, शेत भिजत नाही. म्हणून त्यावर कोणी बांध घातला नाही, कोणी पाट काढला नाही. माणसाच्या उपयोगाला न पडणे हेच त्याचे संरक्षण होते. आज त्याला धोका आहे तो गोड्या पाण्याचा. गाव वाढले, गावाचे सांडपाणी उताराने खाली जाऊ लागले. धारेवरचे साबणाचे पाणी खाली जाते. आसपास तलाव झाले, सिंचन वाढले, त्याचा पाझर खाली येतो. खारे पाणी पातळ झाले की त्यात जगणारी सूक्ष्म सृष्टी बदलते. ज्या गोड्या पाण्याला आई-मावशीने डोक्यावर घेतले, तेच अति झाले तर खाली विष होते. समुद्रात थेंब पडला तर समुद्राचे काही जात नाही, पण ही एवढीशी वाटी आहे.

यावर काहीजण म्हणतात, यात्राच बंद करा. मला ते पटत नाही. यात्रेकरू वर्षातले मोजके दिवस येतो, गटार बारा महिने वाहते. आणि देवीचे म्हणून तिथली झाडे तोडायला लोक कचरत आले, हेही खरे. सांडपाण्याची नीट सोय करणे आणि धारेवर साबण न वापरणे, या दोन गोष्टींना ना श्रद्धा आड येते ना विज्ञान. उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे याचिका चालली, आदेश निघाले. पण साबणाची वडी पिशवीतून काढायची की नाही, हे काही न्यायालय प्रत्येकाच्या घाटावर येऊन सांगू शकत नाही. ते आपले आपणच ठरवायचे असते.

अबुल फजलच्या काळी या गावाने साबणाला माल पुरवला. आता निदान साबणापासून त्याला वाचवूया, एवढेच मागणे आहे. बाकी धोंड्याचा महिना असो, नवरात्र असो की नाताळची सुटी, गावाने कोणाही पाहुण्याला आजवर परत पाठवलेले नाही.

तुमच्यापैकी कोणी जुन्या काळी लोणारला गेले असेल, घरात कोणाची धोंड्याच्या महिन्यातली आठवण असेल, तर जरूर लिहून कळवा. अशा आठवणी माणसांबरोबरच निघून जातात.