भिंगरीचे ऋण

वैशाखाचे ऊन तापू लागले की डहाणूकडून तलासरीकडे जाणाऱ्या वाटेवर पळसाच्या वाळलेल्या शेंगा गळू लागतात. एका टोकाला बी आणि उरलेला भाग कागदासारखा पातळ, अशी या शेंगेची घडण. त्यामुळे ती दगडासारखी सरळ खाली पडत नाही. वाऱ्यावर भिरभिरत, झाडापासून चार हात दूर जाऊन टेकते. आमच्या लहानपणी तिच्याचवरून आम्ही कामटीची भिंगरी करीत असू. दोन तळव्यांत काडी घोळवून सोडली की ती छपरापर्यंत जाई. बिनतारी यंत्राने चालवावयाचे हौशी हेलिकॉप्टर जुळवीत बसलो असता आम्हांला या भिंगरीची वारंवार आठवण झाली आणि तिच्या घराण्याचा इतिहास धुंडाळण्याची इच्छा झाली.

हा इतिहास मोठा मौजेचा आहे. सामान्यतः आधी खरी वस्तू होते आणि मग तिचे खेळणे निघते. आगगाडीचे तसेच झाले, मोटारीचे तसेच झाले. हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र क्रम उलटा लागला. १७८४ मध्ये लोनुआ व बियाँव्हन्यू या दोघा फ्रेंच गृहस्थांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे धनुकलीच्या ताणाने उडणारे एक खेळणे ठेवले. काठीच्या दोन्ही टोकांना पिसांचे पंखे बसविलेले होते आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. यातच खरी बुद्धी होती. एकच पंखा उजवीकडे फिरविला, तर तो धरणारी काठी डावीकडे फिरू लागते. दोन पंखे उलटसुलट फिरले म्हणजे ही ओढ फिटते. १८७० मध्ये आल्फोन्स पेनो याने धनुकलीच्या जागी पिळलेले रबर वापरले. असलेच एक खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी आपल्या मुलांना आणून दिले. मुलांनी त्याच्या नकला केल्या. परंतु नक्कल जसजशी मोठी केली तसतशी ती नीट उडेना. आकार दुप्पट केला की लागणारी शक्ती दुपटीहून कितीतरी अधिक वाढते, हे त्या वयात त्यांना कोठून ठाऊक असणार?

मोठ्या यंत्राने लहान्याकडून धडा घेतल्याचे सर्वांत बोलके उदाहरण स्पेनमधील हुआन दे ला सिएर्वा यांचे होय. माथ्यावर मोकळा फिरणारा पंखा असलेले विमान त्यांनी योजिले होते. त्यांची पहिली यंत्रे धावता धावताच एका कुशीवर लवंडत. कारण असे की यंत्र पुढे जात असताना एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते व त्याला उचल अधिक मिळते. दुसऱ्या बाजूचे पाते मागे सरते व त्याची उचल घटते. मात्र त्यांची लहान प्रतिकृती बिनतक्रार उडत असे. हे कोडे त्यांनी सोडविले ते वेतावरून. प्रतिकृतीच्या पात्यांत वेत होता. तो वाकत असे आणि दोन्ही बाजूंचा फरक आपोआप पचवीत असे. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. सिएर्वा यांनी पात्याच्या मुळाशी बिजागरी बसविली आणि जानेवारी १९२३ मध्ये त्यांचे चौथे यंत्र उडाले.

पुढे १९३९ मध्ये सिकॉर्स्की यांनी एकच मोठा पंखा आणि शेपटीला छोटा आडवा पंखा ही रचना हवेत उचलून दाखविली. तथापि यंत्र अधांतरी स्थिर कसे राहावे, हा प्रश्न पुरता सुटला नव्हता. त्याच्यामागे अमेरिकेत आर्थर यंग नावाचा गृहस्थ १९२८ पासून लागला होता. तो प्रतिकृती करी, उडवी, मोडे आणि पुन्हा करी. अखेर पंख्याला काटकोनात वजनदार दांडी जोडून त्याने स्थैर्य साधले. १९४१ मध्ये ही प्रतिकृती त्याने बेल कंपनीला उडवून दाखविली आणि त्यातूनच निघालेल्या ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी उड्डाणाचे प्रमाणपत्र मिळाले. बारा-तेरा वर्षांच्या त्या मोडतोडीत कोणाचाही जीव टांगणीला लागला नाही, कारण मोडत होती ती खेळणी.

१९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी बिनतारी आज्ञा मानणारे, हौशी माणसाला उडविता येईल असे छोटे हेलिकॉप्टर सिद्ध केले, तेव्हा त्याच्याही माथ्यावर तशीच आडवी दांडी होती. आता तिचे काम विजेचे सूक्ष्म जायरो करतात.

आज असे यंत्र जुळविणारा माणूस हाच इतिहास दोन संध्याकाळी पुन्हा जगतो. प्रथम बॅटरी जागेवर बसवून यंत्र पंख्याच्या मुळाशी धरून उचलावयाचे. नाक वा शेपटी झुकली तर बॅटरी सरकवावयाची. मग दोन्ही पाती तोलून समवजन करावयाची. मुख्य दांड्याभोवतीची तबकडी, जिला हौशी लोक स्वॉशप्लेट म्हणतात, ती दांड्याशी काटकोनात आणावयाची. हातातील काडी मध्यावर असता पात्यांचा कोन शून्य हवा. अधांतरी राहण्यास सुमारे ५ ते ६ अंश पुरतात. पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवून, पंखा फिरत असता दुरून नजर समपातळीत ठेवून पाहावे. दोन रंग वरखाली दिसले तर एका पात्याची काडी अर्धा आटा फिरवावी. मोठ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना पूर्वी रंगीत खडू लावून तो कापडावर उमटवीत, त्यातलाच हा प्रकार. शेवटी मोटारीची तार काढून यंत्राचे नाक हाताने वळवावे आणि शेपटीचा जायरो ते परत आणू पाहतो की नाही, हे तपासावे.

ही शेवटची पायरी आम्ही पहिल्या खेपेस गाळली. तलासरीकडे भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात यंत्र वीतभर उचलले आणि ते भोवऱ्यासारखे गरगरू लागले. जायरो उलटा लागला होता. तो चूक सुधारण्याऐवजी वाढवीत होता. पाती बांधावर आपटून फुटली. आम्ही वीस पावले दूर होतो म्हणून केवळ पैशावर निभावले. लोनुआ व बियाँव्हन्यू यांनी पिसांनी फेडलेली ती ओढ काय असते, ते त्या दिवशी आम्हांला खरे कळले.

ओहोटीचा डहाणूचा किनारा मोकळा दिसला तरी वाळू व खारा वारा यंत्राच्या बेअरिंगांना मानवत नाही. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले आहेत, आणि दक्षिणेला तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. तेव्हा आधी नकाशा, मग उड्डाण.

कोणी विचारील, या हौसेचा गावाला उपयोग काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्याच पालघर जिल्ह्यात, जव्हारहून झाप या गावी, करोनाच्या तीनशे लसमात्रा मानवरहित यंत्राने पोचविण्यात आल्या. सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर त्याने नऊ-दहा मिनिटांत काटले. घाटवळणांच्या पलीकडे राहणाऱ्या आमच्या वारली बांधवांच्या पाड्यांना औषध वेळेवर मिळणे ही काय वस्तू आहे, हे पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीतून वाहून नेणाऱ्यांना सांगावयास नको. उद्या अशी यंत्रे जागोजाग नेमावयाची, तर ती बिघडल्यावर दुरुस्त करणारे हातही येथलेच हवेत. ते हात कोठे तयार होणार? म्हणून आमच्या शाळांतून एखादे यंत्र मुलांच्या हाती पडावे, जाणत्याच्या देखरेखीखाली त्यांनी ते जुळवावे आणि एकदोनदा मोडूही द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. त्या मोडलेल्या पात्यांचा खर्च चिकूची एक पाटी विकून निघण्याजोगा नसेल कदाचित. पण तो हौसेच्या नव्हे, शिक्षणाच्या खाती मांडावा. प्रारंभाला मात्र पैसा लागत नाही. पळसाच्या शेंगा सध्या वाटेवर पडलेल्याच आहेत.